क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस: एकच मोठा डोस की सात दिवसांचं सलाईन?

एचआयव्हीच्या रुग्णाच्या मेंदूत क्रिप्टोकॉकस ही बुरशी गेली आणि मेंदूच्या आवरणाला सूज आली (क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस) की नातेवाईक आणि उपजिल्हा रुग्णालयातले डॉक्टर, दोघंही याच प्रश्नावर अडतात.

एक डोस म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं बुरशीविरोधी औषध), किलोमागे 10 मिलिग्रॅम. 50 किलोच्या माणसाला 50 मिलिग्रॅमच्या 10 बाटल्या, एकाच दिवशी. सोबत 14 दिवस फ्लुसायटोसिन आणि रोज 1200 मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल, हीही बुरशीविरोधी औषधं. दुसरा मार्ग म्हणजे साध्या ॲम्फोटेरिसिनची रोज एक बाटली, 7 दिवस. आफ्रिकेतल्या 2022च्या चाचणीत 10 आठवड्यांतले मृत्यू एका डोसला 24.8 आणि सात दिवसांना 28.7 टक्के होते, म्हणजे एक डोस कमी पडला नाही.

साध्या औषधाची बाटली स्वस्त. पण सात दिवस रोज रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघायचं, मूत्रपिंडाचं काम आणि हिमोग्लोबिन दोन्ही घसरू शकतात. गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलेल्या घराची सात दिवसांची मजुरी बुडते, तीही धरा. दोन्ही औषधं 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. नॉर्मल सलाईनमध्ये साका धरतो. साध्या बाटल्यांना फ्रीज लागतो, मे महिन्यात वीज गेली तर काय, ते आधी ठरवा.

जीव मात्र बऱ्याचदा मेंदूतल्या वाढलेल्या दाबामुळे जातो. पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा दाब 25 सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढा, गरज पडली तर रोज. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नव्याने सुरू करायची असेल तर 4 ते 6 आठवडे थांबा.

फ्लुसायटोसिन आणि लायपोसोमल दोन्ही मिळत असतील, रक्ततपासणी रोज जमत नसेल, तर एक डोस. लायपोसोमल नाहीच, पण प्रयोगशाळा पक्की आहे, तर सात दिवसांचं. शुद्ध हरपतेय आणि पाणी काढणारं कुणी नाही, तर सरळ नागपूर किंवा सेवाग्राम.