युनिक्स शिकायचंय तर डेबियन, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी की एक्सव्ही६?

शिकण्यासाठी सिस्टिम निवडताना लोक आधी विचारतात, ‘सोपी कोणती?’ मी आधी विचारेन, शिकायचं काय आहे? सर्व्हर चालवायला शिकणं वेगळं आणि आत काय चाललंय ते उघडून बघणं वेगळं. या चारही युनिक्सच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टिम. चारही फुकट आहेत, चारहींचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, खुला आहे. पण तो सोर्स हाताशी किती येतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी अगदी साधी कमांड घेऊन बघू.

डेबियन १९९३ पासून चालू आहे, उबंटूचा पायाही तोच. इथे लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, हार्डवेअर सांभाळणारा गाभा. एलएस येते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडून, बाकीचे भाग आणखी कुठून कुठून, आणि डेबियनची मंडळी ते सगळं नीट बांधून देतात. एलएसचा सोर्स हवा तर आधी ती कोअरयुटिल्स पॅकेजमध्ये आहे हे शोधायचं, एपीटी या पॅकेज आणणाऱ्या साधनाच्या यादीत सोर्सची ओळ चालू करायची, मग डाउनलोड. उघडून बघावं तर एकच फाइल पाच हजारांहून जास्त ओळींची! नवखा माणूस तिथेच गांगरतो. तरीही नोकरी डोळ्यासमोर असेल तर मी बेलाशक डेबियनच सांगेन. ज्या सर्व्हरवर पुढे काम कराल तिथे बहुधा लिनक्सच असणार, वायफाय आणि ग्राफिक्स कार्ड सहसा चालतात, आणि अडलात तर तुमच्याआधी तिथेच अडलेलं कुणीतरी सापडतं.

फ्रीबीएसडीही १९९३ चीच, पण घराणं बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सचं. कर्नल, सी लायब्ररी, रोजच्या कमांड हे सगळं एकाच सोर्स-झाडात वाढतं आणि एकत्रच रिलीज होतं. इन्स्टॉल करतानाच सोर्सवर टिक करा. तो यूएसआर-एसआरसी या डिरेक्टरीत येऊन बसतो. त्यातल्या बिनमध्ये एलएसचं स्वतःचं फोल्डर आहे. एखादा संदेश बदला, तिथेच मेक ही प्रोग्राम बांधणारी कमांड चालवा, तुमची स्वतःची एलएस तयार. आपण रोज वापरतो ती कमांड आपल्या हाताने बदलता येते, हे एकदा अनुभवलं की सिस्टिमची भीती जाते. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी याहून मोठी गोष्ट नाही. जोडीला हँडबुक आहे, तेही खरोखर वाचावं असं. कंटेनर म्हणजे काय हे मुळापासून समजून घ्यायचं तर २००० साली इथे आलेले जेल, म्हणजे प्रोग्राम वेगळे कोंडून ठेवणारे कप्पे, बघा. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर इन्स्टॉल केलंत तर मोडतोड करण्याआधी बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बूट करता येईल अशी सिस्टिमची प्रत, काढून ठेवा, बिघडलं की मागे येता येतं. कमकुवत बाजू वायफायची. लॅपटॉपवर टाकणार असाल तर कार्ड चालतं का ते आधी तपासा.

ओपनबीएसडी १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडी या दुसऱ्या बीएसडीपासून वेगळी काढली. दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं ओपनएसएसएच इथलंच. हिची खरी दौलत म्हणजे मॅन पेज, सिस्टिममध्येच असलेली माहितीची पानं. त्यातली चूक ही कोडमधल्या बगसारखीच मानली जाते. इन्स्टॉल झाल्यावर रूट या मुख्य खात्याच्या मेलमध्ये एक स्वागतपत्र पडलेलं असतं. ते सांगतं, आफ्टरबूटचं मॅन पेज वाचा. ते ओळीने वाचत गेलात तर सिस्टिम कशी सांभाळायची याचा पहिला धडा तिथेच होतो. सुरक्षेची गोडी असेल तर हीच घ्या. एलएसच्या सोर्समध्येही प्लेज हा कॉल दिसेल. ‘एवढंच करीन, याबाहेर गेलो तर मला मारून टाक’ असं प्रोग्राम कर्नलला सांगतो. पण ब्लूटूथ नाही, एनव्हिडियाचा ड्रायव्हर नाही. रोजचा एकमेव लॅपटॉप हिच्यावर सोपवू नका.

एक्सव्ही६ वापरायची सिस्टिम नव्हेच. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिली, आराखडा १९७५ च्या सहाव्या युनिक्स आवृत्तीचा. आता ती रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर रचनेवर आहे, क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये चालते. इथली एलएस शंभर ओळींच्या आत संपते. नवी प्रोसेस काढणारा फोर्क, तिच्यात प्रोग्राम भरणारा एक्झेक, पाळी लावणारा शेड्युलर हे सगळं डोक्यात मावेल एवढं आहे, कर्नलकडे काम मागणारा स्वतःचा सिस्टिम कॉलही घालून बघता येतो. सी भाषा मात्र यायलाच हवी, नाहीतर हिच्या वाटेला जाऊ नका. मिनिक्स ३ या आणखी एका युनिक्ससारख्या सिस्टिमचंही नाव कानावर येईल. तिची शेवटची स्थिर आवृत्ती २०१४ ची, आज नव्याने सुरुवात करायला मी ती सुचवणार नाही.

काहीच ठरत नसेल तर डेबियन घ्या आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीबीएसडी. एकीकडे लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीकडे चालवा. पहिल्या ओळीत बिनमधल्या बॅश या शेलचा (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता असेल तर फ्रीबीएसडी ‘सापडत नाही’ म्हणेल, कारण बॅश तिथे मूळ सिस्टिममध्ये नसते. पॅकेजमधून टाकली तरी यूएसआर-लोकलखाली बसते. मग साध्या एसएच शेलमध्ये, पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाला धरून स्क्रिप्ट लिहायला लागा.