काय-वर्ग कसोटी कशात करावी: एसपीएसएस, आर, जामोवी की एक्सेल?

दोन गटवार गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे काय-वर्ग कसोटी तपासते. एसपीएसएस, आर आणि जामोवी ही ती करणारी संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर. समजा, १०० विद्यार्थी आहेत. ५० मुलींपैकी २८ जणी बसने येतात, ५० मुलग्यांपैकी १८ जण, बाकीचे दुचाकीने. मुलगी की मुलगा याचा आणि वाहनाचा संबंध आहे का? एसपीएसएसच्या ‘पिअर्सन’ ओळीत काय-वर्ग ४.०३ आणि पी-मूल्य (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०४५ येते. तोच तक्ता आर ३.२६ आणि ०.०७१ देऊन परत करते. ०.०५ च्या नेहमीच्या मर्यादेने एकीकडे संबंध सिद्ध, दुसरीकडे नाही!

चूक कोणाचीच नाही. दोन-बाय-दोन तक्त्याला आर न विचारता येट्सची दुरुस्ती (काय-वर्ग थोडा कमी करणारी) लावते. एसपीएसएसमध्ये तीच दुरुस्ती खालच्या ‘कंटिन्युइटी करेक्शन’ ओळीत असते. आरमध्ये ‘करेक्ट’ला ‘फॉल्स’ दिले की आकडे जुळतात. ही दुरुस्ती जरा जास्तच सावध आहे. इथल्यासारखी सर्वात लहान अपेक्षित संख्या (संबंध नसता तर त्या चौकटीत आली असती ती) २३ असेल तर पिअर्सनचाच आकडा द्यावा. मात्र ते निकाल पाहण्याआधी ठरवावे.

एसपीएसएसचा रस्ता: ‘अ‍ॅनालाइज’, ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’, ‘क्रॉसटॅब्स’. ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये काय-वर्ग आणि क्रॅमरचा व्ही (संबंध किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा), ‘सेल्स’मध्ये अपेक्षित संख्या निवडा. तक्त्याखालची तळटीप वाचाच: किती चौकटींत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आहे, हे तिथे लिहिलेले असते. दोन-बाय-दोनला फिशरची कसोटी (अपेक्षित संख्या लहान असताना वापरायची) आपोआप मिळते, मोठ्या तक्त्याला ‘एक्झॅक्ट टेस्ट्स’ हा वेगळा भाग लागतो. आधीच मोजलेले आकडे भरले असतील तर ‘वेट केसेस’ विसरू नका. एकूण संख्या ४ दिसली, तर तेच विसरलेले असते.

आरमध्ये अपेक्षित संख्या लहान असल्या की इशारा येतो. मोठ्या तक्त्यावर फिशर करताना स्मृती अपुरी पडून गाडी अडते. तेव्हा सिम्युलेशनने (संगणकाकडून योगायोगाचे पुष्कळ तक्ते बनवून घेऊन) पी-मूल्य काढता येते. प्रश्नावलीतल्या चाळीस प्रश्नांचे तक्ते करायचे असतील तर आरच घ्या, एसपीएसएसच्या खिडक्या उघडत बसू नका. (चाळीस कसोट्यांत दोन-तीन निव्वळ योगायोगाने ‘अर्थपूर्ण’ निघू शकतात, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही.)

एकाच प्रबंधापुरते काम असेल आणि एसपीएसएसचा परवाना नसेल, तर जामोवी. ते मोफत आहे, आतून आरवरच चालते, आणि साधा काय-वर्ग व दुरुस्ती केलेला यांचे चौकोन वेगळे असल्याने वरचा घोळ होत नाही. मोजलेले आकडे ‘काउंट्स’मध्ये टाकले की झाले.

एक्सेल शिकण्यापुरते ठीक. अपेक्षित संख्या स्वतः काढाव्या लागतात (ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण) आणि सूत्र फक्त पी-मूल्य देते. सूत्राला मोजलेल्या आणि अपेक्षित संख्या निवडून द्यायच्या असतात; त्या दोन्ही निवडींत बेरजेची ओळ आणि स्तंभही आले, तर काय-वर्ग तोच राहतो, पण स्वातंत्र्य मात्रा (तक्त्याच्या ओळी-स्तंभांवरून ठरणारी, पी-मूल्यासाठी लागणारी संख्या) १ ची ४ होते. वरच्या तक्त्याचे ०.०४५ मग ०.४० होऊन बसते, आणि एक्सेल त्यावर चकार शब्द काढत नाही.