सावंतवाडीच्या बाजारातील जायपत्री आणि रामपत्री

सावंतवाडीच्या बाजारातील एका जुन्या मसाल्याच्या दुकानातून मी यंदा जायपत्री आणि रामपत्री हे दोन्ही जिन्नस घेतले. येथे दोहोंच्या बरण्या, नावे आणि भाव वेगळे आहेत, ही या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. कारण जायपत्रीत रामपत्रीची भेसळ होते आणि एकदा मसाला दळला की ती ओळखणे ग्राहकाला जवळजवळ अशक्य असते.

जायपत्री देणारे जायफळ आणि रामपत्री ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे, तर रामपत्री पश्चिम घाटातील सदाहरित जंगलाची. अशा जंगलात जमिनीपर्यंत ऊन फारसे पोहोचत नसल्याने सावलीत तग धरू पाहणाऱ्या रोपाला बियाण्यातच मोठी शिदोरी लागते, आणि इतके जड बी दूर नेणे वाऱ्याला शक्य नसल्यामुळे ते काम पक्ष्यांकडे गेले. फळ उकलले की गडद बियांवरचे रंगीत, स्निग्ध आवरण पक्ष्यांच्या नजरेस पडते. बांदाकडील मोठी कबुतरे आणि आपल्याकडील धनेश ते बी सबंध गिळतात, आवरण पचवतात आणि बी अन्यत्र टाकतात. आपण पत्री म्हणून विकत घेतो ते हेच आवरण.

येथील जायपत्री केशरी-पिवळसर आणि अखंड आहे. नखाने दाबताच तेल जाणवते आणि पुलावाला चिमूटभर पुरते. रामपत्री तांबूस तपकिरी, लांब तंतूंची आणि वासाला मंद आहे. जायपत्रीऐवजी ती वापरू नये, मात्र गोड्या मसाल्यात ती चांगली मुरते. सोललेली जायफळे टाळावीत, कारण त्यांतील काहींना कीड लागलेली होती. कवचासह असलेली उत्तम निघाली.

एक उणीव मला गंभीर वाटते. रामपत्री कोठून येते, हे दुकानात कोठेही लिहिलेले नाही. ही जात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत संकटप्रवण म्हणून नोंदलेली आहे आणि रानातील सगळीच फळे उतरवली, तर धनेशांना खायला आणि जमिनीत रुजायला काहीच उरत नाही. याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे, या कुळातील झाडांचे 2.59 हेक्टरांचे दलदली जंगल देवराई म्हणून गावकऱ्यांनी राखले आणि आता ते जैवविविधता वारसा स्थळ आहे. माल कोणत्या बागायतदाराचा, हे दुकानाने बरणीवर लिहावे. त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला माझी तयारी आहे.