पहिल्या टर्मची स्वप्नं: रीगन १९८० आणि ओबामा २००८, मत ठरवण्याआधी दोघांचा हिशोब

माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात न्यूअर्कला अमेरिकेच्या सिटिझनशिपची शपथ घेतली. घरी आला तेव्हा हातात छोटासा झेंडा आणि पाकिटात मतदार नोंदणीचा फॉर्म. झेंडा त्याने पेनस्टँडमध्ये खोचला, फॉर्म आमच्या किचन टेबलवर ठेवला आणि म्हणाला, मावशी, २०२८ ला मी राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदा मत देणार, पण जो तो म्हणतो पहिल्या चार वर्षांत देश बदलून दाखवतो, मग मी ठरवायचं कसं?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि २०२८ ला तर जास्तच, कारण कुणालाही दोनदाच निवडून येता येतं या २२व्या घटनादुरुस्तीमुळे २०२४ ला निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष परत उभे राहू शकत नाहीत, त्यामुळे जो येईल तो आपल्या पहिल्या टर्मचंच स्वप्न घेऊन येणार. नव्या माणसाचा मागचा हिशोब नसतो, नुसतं पुढचं चित्र असतं. म्हणून मी त्याला म्हटलं की आधी जुन्यातले दोघं शेजारी शेजारी ठेवून बघ, एक रिपब्लिकन एक डेमोक्रॅट, दोघंही देश खचलेला असताना उमेद घेऊन आले, दोघांच्या पहिल्या चार वर्षांचं काय झालं ते आता सगळं समोर आहे. रोनाल्ड रीगन १९८०, बराक ओबामा २००८. कोण चांगला कोण वाईट यात मी शिरत नाहीये, स्वप्न विकत घ्यायचं तर आधी त्यात काय तपासायचं एवढंच बघतेय.

आधी १९८०. तेव्हा मी इथे नव्हते पण आमचे मोठे काका ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळ होते, एका कारखान्यात इंजिनिअर. १९८० ची सरासरी महागाई साडेतेरा टक्के, आदल्या वर्षी पेट्रोलच्या रांगा लागलेल्या, तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस अडकलेले, आणि जुलै १९७९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टरनी टीव्हीवर येऊन देशाचा आत्मविश्वासच डळमळलाय असं भाषण केलेलं. कार्टर चुकीचं बोलले असं नाही, पण लोकांना ते ऐकवेना. अशात रीगन उभे राहिले आणि म्हणाले देशाचं काही बिघडलेलं नाहीये, सरकार अंगावर बसलंय ते बाजूला करा, बाकी लोक बघून घेतील. २८ ऑक्टोबरला काकांच्याच क्लीव्हलँडमध्ये डिबेट झाली, त्यात रीगननी विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का. काका म्हणायचे की त्या एका प्रश्नावर ऑफिसमध्ये आठवडाभर दुसरं कुणी काही बोलत नव्हतं. निकाल, राज्यांच्या वाट्याच्या इलेक्टोरल मतांत, ४८९ विरुद्ध ४९.

आता स्वप्नात नेमकं काय होतं ते बघा. इन्कमटॅक्स तीन वर्षांत दरसाल १० टक्के असा कमी करणार, संरक्षणावर खर्च वाढवणार, महागाई खाली आणणार, आणि हे सगळं करून १९८३ पर्यंत बजेट जमाखर्चात जुळवणार, शिवाय शिक्षण आणि ऊर्जा ही दोन खातीच बंद करणार. यादी छोटी आहे, कुणालाही एका दमात सांगता येईल अशी, आणि हीच तिची ताकद होती.

टॅक्स कमी झाला. शपथ जानेवारी १९८१ ला, मार्चमध्ये खुद्द रीगनना गोळी लागली, हॉस्पिटलमधून परत आले आणि १३ ऑगस्टला कायद्यावर सही, म्हणजे सात महिने सुद्धा नाही. वरचा दर ७० वरून ५० टक्क्यांवर. आणि लक्षात घ्या, खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, तेव्हा डेमोक्रॅट बहुमतात होते, त्यांच्यातली बरीच मतं फोडून आणली तेव्हा ते झालं. महागाई पण उतरली, १९८३ मध्ये साधारण ३ टक्क्यांवर आली. पण ती उतरवली मुख्यतः पॉल व्होल्करनी, व्याजदर आभाळाला नेऊन, आणि व्होल्करना फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेवर, १९७९ मध्ये आणलं होतं कार्टरनी! रीगनचं श्रेय हे की व्याजदराने लोक हैराण झाले तरी त्यांनी व्होल्करच्या कामात मोडता घातला नाही.

काकांनी १९८१ च्या शेवटी घर घेतलं. त्या ऑक्टोबरात तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला होता, काकांना जरा कमी, साडेसोळाने मिळालं. तो कागद त्यांनी शेवटपर्यंत जपला, मार्जिनमध्ये पेन्सिलने महिन्याच्या हप्त्याची गणितं, खोडून परत केलेली, आणि एका ठिकाणी काकूच्या अक्षरात फक्त दोन शब्द, गाडी नको. १९८२ मध्ये देशातली बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली, ओहायोमध्ये त्याहून वाईट, आणि काकांचीही नोकरी गेली, आठ महिने घरी होते. स्वप्न सांगताना मधला हा खड्डा कुणी सांगितला नव्हता. नंतर अर्थव्यवस्था खरंच वर आली, काकांना परत नोकरी लागली, १९८४ ला रीगन ४९ राज्यं जिंकले, पण ते आठ महिने काका कधी विसरले नाहीत.

आणि जे झालं नाही ते पण ऐका. १९८३ ला बजेट जुळायचं होतं, त्या वर्षीची तूट २०० अब्ज डॉलर्सच्या वर गेली, १९८० मध्ये ती ७४ अब्जाच्या आसपास होती. टॅक्स कमी, संरक्षण जास्त आणि तूट शून्य, तिन्ही एका पातेल्यात मावत नाही हे साध्या बेरीज वजाबाकीने आधी दिसत होतं, १९८२ मध्ये काही टॅक्स परत वाढवावे लागले. दोन खाती बंद करायची होती, दोन्ही राहिली. एक मात्र सांगायलाच हवं, सुप्रीम कोर्टावर पहिल्या काही जागांत एक स्त्री नेमणार असं प्रचारात बोलले होते आणि १९८१ लाच सँड्रा डे ओ'कॉनर यांना नेमलं, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ९९ विरुद्ध ०.

आता २००८. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला मत नव्हतं, आम्ही २००१ ला आलेले, नवऱ्याच्या ग्रीनकार्डची फाईल रांगेत, पण ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या स्टेडियममधलं भाषण आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये जमिनीवर बसून पाहिलं, सोफा अजून घेतलेला नव्हता. महिन्याभरात, १५ सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांतून माणसं सामान बांधून भारतात परत गेली. त्या वातावरणात 'होय, आपण करू शकतो' हे शब्द काय करतात ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. ३६५ विरुद्ध १७३ ने जिंकले.

ओबामांचं स्वप्न मात्र लांबलचक होतं. नोकरी करणाऱ्या ९५ टक्के कुटुंबांना टॅक्स कमी, पहिल्या टर्मच्या शेवटापर्यंत सगळ्यांना परवडेल असा हेल्थ इन्शुरन्स आणि कुटुंबाचा खर्च वर्षाला २,५०० डॉलर्सनी खाली, इराकमधून लढणारं सैन्य १६ महिन्यांत बाहेर, दहशतवादाच्या संशयितांना ठेवलेला ग्वांतानामोचा तुरुंग बंद, स्वच्छ ऊर्जेत दहा वर्षांत १५० अब्ज, इमिग्रेशनची सुधारणा पहिल्याच वर्षात हाती घेणार, आणि वर वॉशिंग्टनमधली भांडणंच कमी करणार. एकेक गोष्ट चांगलीच होती हो, पण एवढ्या गोष्टींतली पहिली कुठली हे प्रचारात नीट कधी कळलंच नाही.

पहिली झाली ती मंदीने ठरवली. १७ फेब्रुवारी २००९ ला मंदीतून सावरायला ७८७ अब्ज डॉलर्सचं पॅकेज, टॅक्सची सूट त्यातच आली. बेकारी तरी त्या ऑक्टोबरात १० टक्क्यांवर गेली आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू उतरली. दुसरा नंबर हेल्थ इन्शुरन्सचा, त्यात वर्षभर गेलं, सिनेटमध्ये नाताळच्या आदल्या सकाळी ६० विरुद्ध ३९, प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२, एकही रिपब्लिकन मत नाही, सही २३ मार्च २०१०. हे काम फार मोठं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, बऱ्याच राष्ट्राध्यक्षांनी हात लावून सोडलेलं. पण तारखा बघा, २६ वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांच्या पॉलिसीत ठेवायची सोय लगेच २०१० मध्ये आली, मात्र आधीपासूनचं आजारपण आहे म्हणून कुठल्याही वयाच्या माणसाला इन्शुरन्स नाकारायचा नाही हा कणा लागू झाला १ जानेवारी २०१४ ला, म्हणजे पहिली टर्म संपून वर्ष होत आलेलं. आणि २,५०० डॉलर्सचं काय, तर नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली इन्शुरन्सचा सरासरी प्रीमियम २००८ मध्ये साधारण १२,७०० होता तो २०१२ मध्ये १५,७०० झाला.

इराकमधून शेवटचं सैन्य डिसेंबर २०११ ला निघालं, १६ महिन्यांपेक्षा उशीर पण निघालं. ग्वांतानामो बंद करायच्या आदेशावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच सही झाली तरी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, पैसे अडवले आणि तो बंद झालाच नाही. हवामानाचं बिल प्रतिनिधीगृहात पास, सिनेटमध्ये मतदानालाही आलं नाही. नोव्हेंबर २०१० च्या मिडटर्मला, म्हणजे टर्मच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकीत, प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गेल्या, तिथून पुढे मोठं काही होणं संपलं.

आणि इमिग्रेशन. इथे माझं दुखणं आहे ते लपवत नाही. पहिल्या वर्षात हाती घेणार होते ते २००९ गेलं, २०१० गेलं, त्या डिसेंबरात लहानपणी आणलेल्या मुलांपुरतं छोटं बिल सिनेटमध्ये ५५ मतं मिळूनही पडलं कारण चर्चा थांबवून बिल पुढे न्यायला तिथे ६० लागतात. आपल्या लोकांची अडचण वेगळीच, नोकरीतल्या ग्रीनकार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, भारत असो की आइसलँड. ती काढायचं बिल नोव्हेंबर २०११ मध्ये प्रतिनिधीगृहात ३८९ विरुद्ध १५ ने पास झालं, घरी आम्ही पेढे आणले होते, आणि मग ते सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच. आमचं ग्रीनकार्ड २०१४ ला आलं. मधल्या काळात नवऱ्याला त्याच पदावर त्याच कंपनीत अडकून राहावं लागलं, प्रमोशन घेतलं तर फाईल परत पहिल्यापासून सुरू करावी लागेल असं वकिलाने सांगितलेलं, आणि सासरे गेले तेव्हा परत येताना व्हिसा स्टँपिंग अडकेल या भीतीने नवरा जाऊ शकला नाही. स्वप्नाच्या यादीत सातवा नंबर असणं म्हणजे घरात काय असतं ते हे.

तर दोघं शेजारी ठेवले की मला एक गोष्ट लख्ख दिसते. पहिल्या टर्ममध्ये मोठ्या कायद्याची कामं होतात ती पहिल्या दीड वर्षात, मिडटर्मची हवा लागायच्या आत, आणि तीही एक किंवा दोन. रीगनना हे माहीत होतं, त्यांनी टॅक्स पहिला धरला आणि सगळा जोर त्यावर लावला. ओबामांचा सगळा जोर हेल्थ इन्शुरन्सवर गेला, मागचे रांगेतच राहिले. त्यामुळे उमेदवार किती गोष्टी बोलतो हे मोजण्यापेक्षा पहिली गोष्ट कुठली हे त्याच्या तोंडून काढून घ्या, आणि ती पहिली गोष्ट तुमच्या कामाची आहे का ते बघा. तुम्हाला ग्रीनकार्डची रांग महत्त्वाची असेल आणि उमेदवार तिच्याबद्दल अर्ध्या तासाच्या भाषणात शेवटच्या दोन मिनिटांत बोलत असेल तर ती होणार नाही असंच धरून चाला, मग माणूस कितीही आवडत असला तरी.

मग पैसे. रीगनचं गणित जमत नव्हतं ते जमलं नाही, ओबामांचे २,५०० डॉलर्स कुठून वाचणार याचं उत्तरही कायम मोघमच होतं. आकडा सांगतो पण कुठून येणार सांगत नाही, तो आकडा पेन्सिलने खोडून ठेवा, काकांसारखा. तरी कोण बरं असं विचारलंत तर ज्याला आपल्या पगारातला आणि टॅक्सचा बदल वर्षाच्या आत दिसायला हवाय त्याला रीगनसारखं आखूड स्वप्न जास्त खात्रीचं, आणि ज्याच्या घरात आजारपण आहे, जो चार वर्षं थांबायला तयार आहे, त्याने ओबामांसारख्यावर मत लावावं, पण तो पहिल्या वर्षात त्याच कामाला हात घालणार हे नक्की असेल तरच. मी स्वतः दुसऱ्या प्रकारची आहे, माझ्या मुलीला लहानपणापासून दमा आहे, म्हणून.

आणि भाच्याला अजून एक सांगितलं, राष्ट्राध्यक्षाच्या नावापाशी मतपत्रिका संपत नाही. त्याच कागदावर खाली प्रतिनिधीगृहाची जागा असते, दर दोन वर्षांनी. ३८९ मतं तिथूनच आली होती.

फॉर्म आम्ही त्याच रात्री भरला. न्यू जर्सीत निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते, पण ठेवायचा कशाला. त्याने आता फ्रिजवर एक कागद लावलाय, डावीकडे ज्यांची भाषणं ऐकतोय त्यांची नावं, उजवीकडे रकाना, पहिलं काम काय. आत्तापर्यंत तीन नावं लिहिलीत, उजवीकडे एकाचंच भरलंय.