घरचा गेम सर्व्हर बाहेरच्या मित्रांसाठी: पोर्ट उघडावा, टेलस्केल लावावं, टनेल घ्यावा की सर्व्हर भाड्यानेच घ्यावा?

घरातल्या वायफायवर सगळं झकास चालतं. जुळे सोलापुरातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर लावला, शेजारच्या खोलीतला भाऊ लगेच आत आला. पुण्यातल्या हॉस्टेलवरचा मित्र जोडायला गेला की मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. मग यूट्यूब उघडलं जातं आणि तिथे बहुतेक जण एकच उपाय सांगतात: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी सर्व्हरच्या मशिनकडे वळवा. उपाय चुकीचा नाही, पण कित्येक घरांत तो मुळातच लागू पडत नाही, आणि हे न कळल्यामुळे पोरांचा अख्खा रविवार राउटरच्या पानावर जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ठरलेले चार-सहा मित्र असतील आणि सगळे पीसी-लॅपटॉपवर खेळत असतील, तर टेलस्केल (लांबची मशिन एकाच खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) लावा आणि खेळायला बसा. तुमचं उत्तर यापेक्षा वेगळं असू शकतं, पण ते ठरतं दोनच गोष्टींवर: तुमच्या राउटरला खरा पब्लिक पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा आयपी, आहे का, आणि खेळायला येणार कोण.

आधी पत्ता तपासा

राउटरच्या पानावर जा, बहुधा १९२.१६८.१.१ असतं. तिथे स्टेटसमध्ये ‘वॅन आयपी’ दिसतो, तो लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं गूगलवर शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पब्लिक पत्ता तुमचा स्वतःचा आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल किंवा त्याचा पहिला आकडा नुसता १० असेल (१०३ वगैरे नव्हे), तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटते. जणू अख्ख्या वाड्याला एकच पोस्टाचा पत्ता, आणि आत कोणाचं पत्र कोणाकडे जायचं हे ठरवणारा माणूस कंपनीचा, तुमचा नव्हे. तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून आलेलं पॅकेट कंपनीच्या दारातच थांबतं.

यात केबलवाल्याची बदमाशी नाही. आयपीव्ही४ म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा त्याच एप्रिलमध्ये आटला. नंतर आलेल्या कंपन्यांना एकेक पत्ता शेकडो घरांत वाटून द्यावा लागला. १००.६४ चा टप्पा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर भानगड बहुधा घरातच असते. कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यामागे तुम्ही दुसरा लावलेला असतो. डबा ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम तुमचा राउटर एकटाच करेल, आणि परत तपासा.

पब्लिक पत्ता असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग

वेगाच्या बाबतीत याला तोड नाही. मध्ये कोणी नाही, मित्राला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पैसे नाहीत. सर्व्हरच्या मशिनला राउटरमध्ये कायमचा अंतर्गत पत्ता राखून द्या, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी टीसीपी २५५६५, बेडरॉक (मोबाइल-कन्सोलवरची) आवृत्तीसाठी यूडीपी १९१३२ हे पोर्ट त्या पत्त्याकडे वळवा आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्या. बेडरॉकला टीसीपी उघडून ‘चालत नाही बे’ म्हणत बसणारे पुष्कळ भेटतात, म्हणून ते यूडीपी नीट बघा. तपासताना मित्राला सांगा किंवा मोबाइल डेटावरून बघा. काही राउटर घरातूनच स्वतःच्या पब्लिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही बंद वाटतं.

दोन गोष्टी मात्र जड जातात. पहिली, लाइट. लाइट जाऊन आली की राउटर नव्याने जोडला जातो आणि पब्लिक पत्ता बदललेला असू शकतो. त्यावर डकडीएनएससारखी फुकट डायनॅमिक डीएनएस सेवा लावली की मित्रांकडे नाव तेच राहतं. दुसरी, सुरक्षा. उघडं पोर्ट फक्त तुमच्या मित्रांना दिसत नाही, आयपीव्ही४ चे सगळे पत्ते चाळत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रामांतल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं जे भोक गाजलं, त्यात माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकली की सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. माइनक्राफ्टच्या १.१८.१ आवृत्तीत ते बुजवलं गेलं. म्हणून सर्व्हर अपडेट ठेवा, व्हाइटलिस्ट (परवानगी दिलेल्या खेळाडूंची यादी) चालू ठेवा आणि खेळाडूचं खातं खरं आहे का ते तपासणारा ‘ऑनलाइन मोड’ बंद करू नका. राउटरमधला डीएमझेड चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने एक पोर्ट नाही, अख्खं मशिन उघडं पडतं.

सीजीनॅटवाल्यांना कंपनी स्टॅटिक आयपी विकते. पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की घरगुती प्लॅनवर बाहेरून येणारी जोडणी मोकळी आहे का, आणि प्लॅन बदलला तर पत्ता राहतो का. घरी सीसीटीव्ही किंवा ऑफिसचं कामही त्यावर चालणार असेल तर घ्या. नुसत्या गेमसाठी मी तरी घेणार नाही.

टेलस्केल आणि झीरोटियर

इथे दार उघडायचंच नसतं. सर्व्हरवर आणि प्रत्येक मित्राच्या मशिनवर एक छोटं सॉफ्टवेअर बसतं, आणि सगळे जणू एकाच वायफायवर असल्यासारखे दिसतात. टेलस्केल आतून वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्र वापरतं. दोन्ही बाजू स्वतःहून बाहेर हाक मारतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही आणि बऱ्याचदा थेट जोडणी जमते. नाही जमली तर पॅकेट त्यांच्या रिले सर्व्हरवरून जातं आणि गेम अडखळतो. ‘टेलस्केल पिंग’ ही कमांड थेट की रिले ते सांगते. खेळ मंद वाटला तर इंटरनेटला शिव्या घालण्याआधी ती चालवा.

सर्व्हरला मिळणारा पत्ता १०० ने सुरू होतो. वर सांगितलेल्या सीजीनॅटच्या टप्प्यातलाच तो आहे, घाबरू नका. लाइट जाऊन आली तरी हा पत्ता बदलत नाही, आपल्याकडे हा फायदा लहान नाही. मित्रांना तुमच्या सगळ्या नेटवर्कमध्ये घेण्याऐवजी फक्त सर्व्हरचं मशिन ‘शेअर’ करा. नाहीतर टेलस्केल असलेले घरातले बाकीचे लॅपटॉपही त्यांना दिसतील.

झीरोटियर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर, ते वेगळं पडतं ते जुन्या लॅन गेमसाठी, म्हणजे एकाच जागेच्या नेटवर्कवर खेळायच्या गेमसाठी. गेमिंग कॅफेच्या काळातले खेळ नेटवर्कवर ‘कोण आहे का’ अशी आरोळी ठोकून सर्व्हर शोधतात. टेलस्केलमधून ती आरोळी पलीकडे जात नाही, झीरोटियरमधून जाते. काउंटर-स्ट्राइक १.६ ची लॅन यादी हवी असेल तर झीरोटियर. पत्ता टाइप करून जोडता येत असेल तर मला टेलस्केल सोपं वाटतं.

अडचण एकच, पण मोठी: प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विचवर हे इन्स्टॉल होत नाही. शिवाय अनोळखी लोकांना कोणी ‘आधी हे टाक’ म्हणत नाही.

टनेल

प्लेइटसारख्या सेवेचा छोटा प्रोग्राम सर्व्हरवर चालवायचा, ती तुम्हाला एक जाहीर पत्ता देते, मित्र तोच टाकतात. त्यांच्याकडे काही बसवावं लागत नाही. सीजीनॅट असेल आणि माणसं सतत बदलणार असतील, तर हाच मार्ग. किंमत मोजायची ती पिंगमध्ये, म्हणजे पॅकेट जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेत. मुंबई ते सिंगापूर जाऊन-येऊन साधारण ६० मिलिसेकंद लागतात. टनेल सिंगापुरातून गेला, तर खेळाडू ते सिंगापूर आणि सिंगापूर ते तुमचा सर्व्हर असे दोन हेलपाटे, म्हणजे १२० च्या पुढे. घर बांधण्यात हे कळतही नाही, तलवारबाजीत लगेच कळतं. क्लाउडफ्लेअरचा टनेल वेबसाइटसाठी उत्तम, पण गेमच्या टीसीपीसाठी समोरच्यालाही त्यांचा प्रोग्राम चालवावा लागतो. मग टेलस्केल काय वाईट?

आयपीव्ही६: विसरला जाणारा पर्याय

भारतातला बराच मोबाइल आणि फायबर ट्रॅफिक आता आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर चालतो. तिथे प्रत्येक मशिनला स्वतःचा जाहीर पत्ता असतो, फॉरवर्डिंग लागत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट द्यावी लागते. घोडं तिथेच अडतं: कंपनीने दिलेल्या कित्येक डब्यांत ती सेटिंगच नसते. आणि समोरच्याकडेही आयपीव्ही६ लागतं, हॉस्टेलच्या वायफायवर त्याची खात्री नाही. डब्यात सेटिंग दिसली तर जरूर करून बघा.

की सर्व्हर बाहेरच ठेवावा?

घरी ठेवला की फुकट, हा समज बिलाने मोडतो. १०० वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला ७२ युनिट. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर चांगलाच चढतो, त्यामुळे हे ७२ युनिट बहुधा वरच्या दराने पडतात. २५ वॅटचा जुना लॅपटॉप १८ युनिटांत भागवतो आणि लाइट गेली तर त्याची बॅटरी असतेच. फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मात्र लावा, नाहीतर सर्व्हर चालू आणि नेट बंद. मे महिन्यात लॅपटॉप बंद कपाटात ठेवू नका, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

अंतराची भीती मात्र अनेकांना उगाच वाटते. विजापूर रोडवरचं घर आणि होटगी रोडवरचं घर वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर असेल, तर त्यांच्यातलं पॅकेट बहुधा मुंबईपर्यंत जाऊनच परत येतं. म्हणजे मुंबईतला भाड्याचा सर्व्हर शेजाऱ्याच्या सर्व्हरपेक्षा फारसा लांब नसतोच. अ‍ॅमेझॉनची डेटा सेंटर मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. साध्या माइनक्राफ्टला चार-सहा जणांसाठी २ ते ४ जीबी रॅम पुरते, मॉड टाकले की ६-८ लागते आणि भाडंही त्याच हिशेबाने चढतं. अ‍ॅटर्नोस ही माइनक्राफ्ट सर्व्हर चालवून देणारी सेवा फुकट आहे, पण रांगेत थांबायचं आणि कोणी नसलं की सर्व्हर झोपतो. शनिवारी रात्रीपुरतं खेळणाऱ्यांना तेवढं चालून जातं.

पोरं मोबाइल आणि एक्सबॉक्सवर बेडरॉक खेळणार असतील, तर घरच्या सर्व्हरचा हट्ट सोडून माइनक्राफ्टच्याच रियल्म्स प्लस या भाड्याच्या सर्व्हरची वर्गणी भरा. मालक सोडून दहा जण एकावेळी येतात. एक्सबॉक्सवर बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता टाकायला सरळ जागाच नाही, त्यासाठी डीएनएस बदलण्याच्या खटपटी कराव्या लागतात, आणि त्या करणारा माणूस घरात तुम्ही एकटेच असता.