सेंच्युरियनचा ऑलिफंट: एका रणगाड्याच्या नूतनीकरणाचे परीक्षण

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात, तर सेंच्युरियनच्या तोफेसमोर उभे राहून पुढे निघून जाऊ नका. त्याच्या कुशीला जाऊन खाली वाका. सहा चाके दोन-दोनच्या जोडीने तीन बोग्यांवर बसवलेली दिसतील. प्रत्येक बोगीच्या स्प्रिंगा आडव्या असून सगळा संच बाहेरच्या अंगाने चिलखताला बोल्टांनी आवळलेला आहे. सुरुंगाने एक जोडी उडाली, तर आतले काहीही न खोलता तेवढाच संच उतरवून दुसरा चढवता येतो. चिलखताच्या बाजूही खाली उतरताना होडीसारख्या आत वळत जातात. तीस वर्षे अवजड वाहनांच्या डिझेल इंजिनांवर काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा रणगाडा पाहताना पहिल्यांदा जाणवते ते हे, की ज्यांनी तो आखला त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आधी केला होता. दक्षिण आफ्रिकेने याच सांगाड्यातून ‘ऑलिफंट’ घडवला. आफ्रिकान्स भाषेत ऑलिफंट म्हणजे हत्ती. आफ्रिकेतील सैन्यांनी जुन्या वाहनांचे जे नूतनीकरण केले, त्यांत मला हे काम सर्वांत अभ्यासण्याजोगे वाटते, म्हणून त्याचे हे परीक्षण एका कारागिराच्या नजरेतून लिहीत आहे.

मूळ गाडी ब्रिटिश. १९४५च्या मे महिन्यात तिचे पहिले नमुने युरोपात पोहोचले, तेव्हा तिथले युद्ध संपले होते. दक्षिण आफ्रिकेने १९५०च्या दशकात ब्रिटनकडून दोनशेच्या आसपास सेंच्युरियन घेतले आणि पुढे, आता मोठ्या रणगाड्यांचे आपल्याला काम नाही असे समजून, त्यांतले शंभर स्वित्झर्लंडला विकून टाकले. तो निर्णय लवकरच महागात पडला. वर्णभेदी राजवटीविरुद्ध जगभर संताप वाढत गेला, १९६३मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रे न देण्याचे आवाहन केले आणि ४ नोव्हेंबर १९७७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ४१८ करून ती बंदी सक्तीची केली. नवा रणगाडा कोणी देणार नाही, जुन्याचे सुटे भाग उघडपणे मिळणार नाहीत, आणि तेव्हा आपल्या ताब्यात असलेल्या नामिबियाला लागून अंगोलाच्या सीमेवर सोव्हिएत बनावटीचे टी-५५ रणगाडे येऊन उभे राहिलेले, अशा कोंडीत नूतनीकरण हा एकच मार्ग उरला.

कमी पडलेले सांगाडे मग जगभरातून गोळा करण्यात आले. जॉर्डनमधून काही आले, आणि भारतीय लष्कराने सेवेतून काढलेले सेंच्युरियनही मध्यस्थांच्या हातून तिथे पोहोचले. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने १९४६मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. पुण्याचे नाव लावणाऱ्या पूना हॉर्स रेजिमेंटच्या लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी १९६५मध्ये आणि पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी १९७१मध्ये बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमधूनच लढत प्राण ठेवले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच जातीचे, आपल्याच सैन्याने वापरलेले रणगाडे वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या राजवटीच्या कामी आले, हे या यंत्राचे कौतुक करताना विसरता येत नाही. पुढे मी जी वाखाणणी करणार आहे, ती केवळ केलेल्या कामाची आहे; ते ज्यांच्यासाठी झाले त्यांची नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे इंजिनाकडे वळतो. सेंच्युरियनचे मेटिऑर हे ६५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन विमानाच्या मर्लिन इंजिनापासून घडवलेले होते. जोमदार, पण पेट्रोल पिणारे. सुरुवातीच्या ‘मार्क ३’ या आवृत्तीत सुमारे ५५० लिटर पेट्रोल मावे आणि तेवढ्यात तो जेमतेम १०० किलोमीटर जाई. म्हणजे एका लिटरला २०० मीटरही नाहीत. इंग्लंडमधून निघून जर्मनीत लढायचे असेल, तर हे चालून जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनहून निघून नामिबिया ओलांडून अंगोलाच्या वाळूत उतरायचे असेल, तर रणगाड्याआधी पेट्रोलचे टँकरच तिथे पोहोचवावे लागतील. शिवाय गोळा लागल्यावर पेट्रोल किती चटकन पेट घेते, हे वेगळे सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेचे पहिले प्रयोग, ‘स्कोकियान’ आणि ‘सेमेल’, पेट्रोल इंजिनाचेच होते. ताकद ८१० अश्वशक्तीपर्यंत वाढली आणि गिअर बदलणे सोपे झाले, तरी तहान कायम राहिली. खरे उत्तर सापडले ते १९८०च्या दशकातील ऑलिफंट मार्क १ए मध्ये. त्यात हवेने थंड होणारे बारा सिलिंडरचे ७५० अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन बसवले आणि रस्त्यावरचा पल्ला सुमारे ३५० किलोमीटरांवर गेला. वाळूत तो बराच घटतो, तरीही जुन्या गाडीशी तुलना होऊ शकत नाही.

हे वाचायला सोपे वाटते. मी एकदा एका मालकाच्या आग्रहाखातर पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मालट्रकमध्ये दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून दिले होते. माउंटिंग जुळले, इंजिन पहिल्या फटक्यात सुरूही झाले, आणि पंधरा दिवसांत गाडी ओढत परत आली. रेडिएटर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नव्हता, आणि डिझेलचा कमी फेऱ्यांवरचा जोर गिअरबॉक्सच्या दातांना झेपला नव्हता. तेव्हापासून मी जाणतो, की इंजिन बदलायचे म्हणजे हवा, उष्णता, तेल, गिअर आणि वजन हा सगळा संसारच नव्याने मांडायचा. छप्पन टन वजनाच्या गाडीत, आफ्रिकेच्या उन्हाळ्यात, बारीक धुळीत हे साधणे म्हणजे काय, याची कल्पना मला म्हणूनच करता येते. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन निवडणे हाही शहाणपणाचा निर्णय होता: जिथे माणसांना प्यायचे पाणी वाहून न्यावे लागते, तिथे रेडिएटर, होसपाइप आणि पाण्याचा पंप ही तीन दुखणी मुळातूनच टळतात. ही वाट त्यांनी शोधली असे मात्र नाही. इस्रायलने १९७०मध्येच आपल्या सेंच्युरियनमध्ये जवळजवळ हेच बदल केले होते.

तोफेच्या बाबतीत नशीब सोबत होते. १०५ मिलिमीटरची एल ७ ही ब्रिटिश तोफ आखतानाच ती सेंच्युरियनच्या जुन्या २० पौंडी तोफेच्या बैठकीत बसावी, याची काळजी घेतलेली होती. दक्षिण आफ्रिकेने तिची स्थानिक आवृत्ती घडवून मार्क १ए वर चढवली. नेम धरण्याची यंत्रणा मात्र जुनीच ठेवली. कमांडरच्या हातात लेझरने अंतर मोजणारे उपकरण दिले आणि गनरला रात्री पाहण्यासाठी प्रकाश वाढवणारी दुर्बीण. परीक्षक म्हणून इथे गुण कापायला हवेत, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात ९ नोव्हेंबर १९८७ रोजी आग्नेय अंगोलात हे रणगाडे पहिल्यांदा टी-५५ समोर उभे राहिले, तेव्हा दाट झाडीत नजरच फार लांब पोहोचत नव्हती. अशा ठिकाणी अंतर मोजायला वेळही नसतो आणि त्याची गरजही नसते. आधी कोण पाहतो आणि आधी कोणाचा गोळा सुटतो, एवढेच उरते. चांगले शिकवलेले चालक दल आणि खात्रीची तोफ यांवर ऑलिफंटने त्या दिवशी टी-५५ मोडून काढले.

त्याच मोहिमेने त्याची मर्यादाही दाखवली. २३ मार्च १९८८ रोजी कुइटो कुआनावालेजवळ टुम्पो येथे ऑलिफंट सुरुंगांच्या पट्ट्यात अडकले, समोरून तोफांचा मारा सुरू होता, आणि तीन रणगाडे तिथेच सोडून माघार घ्यावी लागली. अंगोलाच्या आणि त्याच्या मदतीला आलेल्या क्यूबाच्या सैनिकांनी ती जागा शेवटपर्यंत राखली. बोगी बाहेरून बदलता येते हा गुण खरा, पण ती बदलायला पाना घेऊन खाली उतरणारा माणूस जिवंत राहावा लागतो.

सुरुंगांच्या या धोक्यावरचा उपाय मार्क १बी मध्ये स्पष्ट दिसतो. आडव्या स्प्रिंगांच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे, आले आणि ते दुहेरी तळाच्या मधल्या पोकळीत ठेवले गेले, म्हणजे सुरुंगाचा दणका खालच्या पत्र्याने सोसावा. चिलखत वाढले, वजन ५८ टनांवर गेले, इंजिन ९५० अश्वशक्तीचे झाले. हिशेब केला तर टनामागे १३ अश्वशक्ती होती ती १६ झाली, म्हणजे चिलखत वाढवूनही गाडी पूर्वीपेक्षा चपळ. संगणकावर चालणारी नेमबाजीची यंत्रणाही आली. अभियांत्रिकी म्हणून हे मार्क १ए पेक्षा निःसंशय वरचढ काम आहे. पण ते १९९१मध्ये सेवेत आले, आणि तोवर नामिबिया स्वतंत्र होऊन वर्ष उलटले होते. ज्या लढाईसाठी ते आखले, ती लढाई संपली होती, आणि ती संपली हे चांगलेच झाले.

शेवटचा टप्पा मार्क २. लोकशाही दक्षिण आफ्रिकेने या शतकाच्या सुरुवातीला २६ रणगाड्यांपुरते हे काम काढले: १०४० अश्वशक्तीचे इंजिन आणि नेमबाजीची नवी यंत्रणा. कागदावर यात मला खोट काढता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नूतनीकरण केलेली गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त हात मागते, कारण तिच्यात तीन पिढ्यांचे भाग एकमेकांशी जुळवून घेत असतात. कुठला नट कुठल्या काळातला, हे ओळखणारा फोरमन वर्कशॉपमध्ये असावा लागतो. ऑलिफंटच्या नावानेच उभी राहिलेली बेनोनीची कंपनी हात बदलत बदलत २०१५मध्ये डेनेल या सरकारी शस्त्रनिर्मिती कंपनीकडे आली, आणि काही वर्षांतच डेनेलला कामगारांचे पूर्ण पगार देणेही अवघड झाले. अनुभवी माणसे बाहेर पडली. संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याखाली गेलेला. अशा स्थितीत २६ उत्तम रणगाड्यांपेक्षा ते चालू ठेवणारी माणसे टिकवण्यावर खर्च आधी व्हायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

इजिप्तच्या ‘रामसेस २’शी ताडून पाहिले, तर ऑलिफंटचे मोल आणखी कळते. तिथे सोव्हिएत टी-५४ मध्ये अमेरिकी डिझेल इंजिन आणि १०५ मिलिमीटरची तोफ बसवायची होती. त्यासाठी सांगाडा लांबवावा लागला, चाकांची व्यवस्था बदलावी लागली, आणि १९८०च्या दशकात हाती घेतलेले काम प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत यायला दोन दशके लागली. एका घराण्याच्या गाडीत दुसऱ्या घराण्याचे अवयव बसवण्याची ही किंमत असते. सेंच्युरियनमध्ये मात्र मुळातच जागा होती.

ऑलिफंटच्या तिन्ही मार्कांतून एक निवडायला सांगितले, तर मी मार्क १ए निवडेन, कारण त्यात नेमके जे अडत होते तेवढेच बदलले आणि बाकीचे तसेच ठेवले. ब्लूमफाँटेनच्या टेम्पे छावणीतील चिलखती दलाच्या संग्रहालयात ऑलिफंट पाहायला मिळतात. तिथे जाणाऱ्याने आधी अहिल्यानगरला एक फेरी मारावी, त्या बाहेरच्या बोग्यांवरचे बोल्ट नीट पाहून ठेवावेत, आणि टेम्पेला मार्क १बी समोर आल्यावर ते कुठे गेले, हे खाली वाकून शोधावे.