टी-बेल्टचा दिवा विझवला, बेल्ट मात्र जुनाच ठेवला

सोलापुरात कुणी जुनी डिझेल फोर बाय फोर वापरत असेल आणि मोठ्या सर्व्हिसिंगला गाडी टाकायच्या विचारात असेल तर हे पूर्ण वाचा. माझे ७१,३०० रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग ह्याचा आहे की ७८ वर्षांच्या आईला मागच्या सीटवर बसवून मी बाराशे किलोमीटर गॅरेजनं पैसे घेऊनही न बदललेल्या जुन्या टायमिंग बेल्टवर फिरलो, तुळजापूरचा घाट चढलो, उतरलो, आणि मनात धरून होतो की गाडी एकदम ओके आहे.

गाडी फॉर्च्युनर, तीन लिटर इंजिन, २०१२ मॉडेल. २०१८ ला पुण्याच्या माणसाकडून घेतली तेव्हा १,७२,००० किलोमीटर फिरलेली होती आणि दीड लाख किलोमीटरला टायमिंग बेल्ट बदलल्याची कंपनीची नोंद सोबत मिळाली होती. आमचं रान मंगळवेढ्याकडं, काळी माती, पाऊस झाला की साधी गाडी जाग्यावर चाक फिरवत बसते, त्यामुळं फोर बाय फोर ही आमची हौस नाही, गरज आहे. तर डिसेंबरात तीन लाख पूर्ण झाले आणि मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागला. ह्या इंजिनाला दर दीड लाख किलोमीटरला हा दिवा लागतो, म्हणजे टायमिंग बेल्ट, इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह ताळमेळात ठेवणारा पट्टा, बदला. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन धडकतो, व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात आणि इंजिन जागेवर बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड. हे हायवेला शंभरच्या स्पीडला झालं तर काय होईल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

दिवा लागलाच आहे तर सगळंच काम एकदा करून घेऊ असं ठरवलं. कंपनीच्या वर्कशॉपचा अंदाज खिशाला झेपेना म्हणून शहरातल्याच एका मोठ्या मल्टिब्रँड गॅरेजला गाडी दिली. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. चकाचक फरशी, चार लिफ्ट, एसी केबिन. तिथला मॅनेजर तोंडाला लई गोड, "मालक, बिनधास्त सोडून जावा, पुढच्या दीड लाखाला बॉनेट उघडायचं काम नाही" म्हणाला. यादी केली: इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर, टायमिंग बेल्ट टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारा पार्ट), चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) काढून क्लीनिंग आणि नवीन कॉपर वॉशर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा मागचा डिफरन्शियल ह्या सगळ्यांचं ऑइल, शाफ्टला ग्रीसिंग, कूलंट, पुढचे ब्रेक पॅड. गड्डा यात्रेची धामधूम होती, "पोरं जत्रेला सुट्टीवर हायत" म्हणत म्हणत चार दिवसाचं काम अकरा दिवसावर गेलं, आणि मी रोज जाऊन उभा राहू शकलो नाही, तिथंच चुकलं.

गाडी मिळाली तेव्हा धुऊन पुसून चकचकीत, टायरला पॉलिश, आणि मीटरवरचा दिवा गायब. मी तो दिवा बघूनच खूश झालो. मोठ्या भावानं सांगितलं होतं की जुने पार्ट मागून घे, म्हणून मागितले तर लगेच एका पिशवीत जुना बेल्ट, फिल्टर, पॅड असं सगळं दिलं. आता ह्याच्यापुढं माणूस अजून काय संशय घेणार? बिल मात्र साध्या कागदावर, शिक्का आहे पण जीएसटी नंबर नाही. "पक्कं पाहिजे तर टॅक्स वेगळा पडंल ओ" म्हणाले आणि मी कच्चंच घेतलं. हे तुम्ही करू नका, पुढं मला ह्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

बाराशे किलोमीटर झाले असतील, गाडी उचलताना खालून टक्क असा आवाज यायला लागला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की टक्क. त्या गॅरेजला फोन केला तर "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच". मग अक्कलकोट रोडला एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आयुष्य डिझेल इंजिनात गेलेला माणूस, त्यांच्याकडं नेली. चाचा खाली शिरले, टॉर्च मारला आणि मलाच खाली बोलावलं. "मालक, हिकडं या, स्वतः बघा."

इंजिनाची ताकद चाकांकडं नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसजवळ, म्हणजे सांध्याजवळ, ग्रीस भरायचं एक छोटं निप्पल असतं, शेंगदाण्याएवढं. त्याच्यावर आमच्या रानातली काळी माती वाळून कडक झालेली, नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. ग्रीसगन लागली असती तर तिथली माती आधी पुसली गेली असती आणि कडेनं ताजं ग्रीस दिसलं असतं. चाचा मग मागच्या डिफरन्शियलकडं सरकले. ड्रेन बोल्टवरही तीच माती, पान्याची एक खूण नाही. चाचांनी वरचा भरायचा बोल्ट आधी ढिला केला (कायम वरचाच आधी, कारण खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला तर भरणार कुठून) आणि मग खालचा काढला. जे ऑइल आलं ते काळंकुट्ट, जळका वास मारणारं, बोल्टच्या मॅग्नेटला लोखंडाचा करडा लगदा बोटभर. बाराशे किलोमीटरात गिअर ऑइल असं होत नाही. इंजिन ऑइलची गोष्ट वेगळी, डिझेलमध्ये नवं टाकलेलं सुद्धा थोड्याच दिवसात काळं पडतं, त्यामुळं डिपस्टिक बघून काही सिद्ध होत नाही आणि नेमका ह्याचाच हे लोक फायदा घेतात.

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं चाचा, बेल्ट बघा. पुढचं कव्हर समोरच असतं, इंजिन उतरवायची काही गरज नसते. माझ्या बिलात लेबरच्या रकान्यात "इंजिन डाऊन" म्हणून ६,००० लावलेत हे सांगितल्यावर चाचा नुसते बघत राहिले. कव्हरच्या बोल्टांवर पुण्याच्या वर्कशॉपनं ओढलेली पिवळ्या पेंटची रेघ होती, बोल्टवरून कव्हरवर गेलेली, फिकट झालेली पण अखंड, आणि बोल्ट फिरवला तर ती रेघ तुटतेच. एकाही बोल्टाची तुटलेली नव्हती. कव्हर काढलं, आत तोच जुना बेल्ट, पाठीवर बारीक भेगा, एका कडेचे धागे सुटलेले. मला पिशवीत दिलेला बेल्ट चाचांनी शेजारी धरला तर रुंदीच वेगळी, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. जुने पार्ट मागून घेण्यापुरतं थांबू नका, तो पार्ट आपल्याच गाडीचा आहे का ते पार्ट नंबर वाचून बघा.

मग दिवा कसा गेला? तो दिवा बेल्ट बघून लागत किंवा विझत नाही, तो फक्त किलोमीटर मोजतो. मीटरच्या बटणानं दोन मिनिटात रिसेट होतो, मशीन सुद्धा लागत नाही. एवढंच काम त्यांनी केलं आणि बेल्ट किटचे १८,५०० घेतले.

इंजेक्टरचं पण तसंच. ह्या इंजिनाचे इंजेक्टर काढायचे तर वरचं टॅपेट कव्हर काढावं लागतं, आणि त्या कव्हरच्या कडेला जुनं ऑइल आणि धूळ मिळून जो थर बसलेला होता तो कुठंच फाटला नव्हता. हे काम जास्त किलोमीटरच्या गाडीला फार महत्त्वाचं असतं, कारण खालचा कॉपर वॉशर लीक झाला की जळलेला गॅस वर येतो, कार्बन ऑइलमध्ये उतरतो, चेंबरमधली (इंजिनाखाली ऑइल साठतं तिथली) ऑइलची जाळी चोंदते आणि एक दिवस ऑइल प्रेशर जाऊन इंजिन सीझ. मी ह्याच भीतीनं ते काम सांगितलं होतं.

खरं ते पण सांगतो, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ब्रेक पॅड नवे होते. म्हणजे जे गिऱ्हाईक सहज उघडून बघू शकतो तेवढं केलं, आणि जे बघायला खाली झोपावं लागतं ते सोडून दिलं.

तिथनं गॅरेजला गेलो तेव्हा मॅनेजर आधी म्हणाला पोरगा विसरला असेल, आणा, फ्री मध्ये करून देतो. मी पैसे परत मागितले तसं त्याचा आवाजच बदलला. "तुम्ही बाहेर खोलून आणली, आता आमची जबाबदारी संपली." इथं माझी अजून एक चूक झाली. मी रागाच्या भरात फोटो तीनचारच काढले. पाहिजे होतं काय, तर मीटरवरचं किलोमीटर, नंबर प्लेट, मग न थांबवता तसाच व्हिडिओ खाली बोल्टपर्यंत, कव्हर उघडताना सुद्धा चालू ठेवून. तुमच्यावर ही वेळ आली तर दुसऱ्या मिस्त्रीला पान्ना लावू द्यायच्या आधी हे करा.

गाडी टाकण्याआधी सुद्धा करता येतं. आता मी भावाच्या बोलेरोला केलं: सगळ्या ड्रेन बोल्टांवर आणि कव्हरच्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका, अर्धा बोल्टवर, अर्धा बाहेर, आणि त्याचे फोटो. ऑइलचे डबे सीलबंद आपल्यासमोर फोडायला लावायचे, बेल्ट आणि इंजेक्टरच्या दिवशी कामावर सुट्टी टाकून तिथं उभं राहायचं. मिस्त्री चांगला असेल तर त्याला राग येत नाही, चाचांनी तर मला स्वतः स्टूल दिलं बसायला.

चाचांनी सगळं काम पुन्हा पहिल्यापासून केलं, ओरिजिनल बेल्ट, टेन्शनर, कॉपर वॉशर, सगळी ऑइलं, ३९,८०० लागले, पक्क्या बिलासकट. शाफ्टचा एक क्रॉस कोरडा चालून खराब झाला होता, तो वेगळा.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, गॅरेजला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, २०,००० घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. वकिलांनी सांगितलं की दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कच्च्या बिलामुळं थोडं अवघड जाईल, पण पेमेंट मी फोनवरून केलेलं आहे, त्याची नोंद बँकेत आहे, आणि चाचा लिहून द्यायला तयार आहेत. कागदपत्रं मी वकिलांकडं दिली आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत शहरातल्या मल्टिब्रँड गॅरेजमध्ये कुणी तीन लिटर फॉर्च्युनरचा बेल्ट बदलून घेतला असेल तर गाडी लांब न्यायच्या आधी पुढचं कव्हर उघडून बघा, आणि माझ्यासारखं निघालं तर मला कळवा, तक्रारीत दोन माणसं असली तर बरं पडेल.